मोरस बेटातील मराठी वस्ती

हैदराबादेत चिक्कडपल्लीहून नारायणगुडा आणि बशीरबाग ओलांडून फतेहमैदानाच्या बाजूला गेले, म्हणजे ‘तोप का सांचा’ या नावाने ओळखली जाणारी एक जीर्ण वास्तू लागते. निजाम अलीखानाच्या पदरी असलेल्या रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला होता, आणि इ. स. १७९५ साली खर्ड्याच्या मैदानावर मराठ्यांच्या फौजांसमोर निजामाच्या बाजूने जी कवायती पलटणे उभी राहिली, तीही याच रेमंडची. १७९८ च्या मार्चमध्ये रेमंड वारला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि ऑक्टोबरात रेमंडच्या पलटणींची हत्यारे काढून घेण्यात आली. मुसारामबाग या मोहल्ल्याच्या नावात तो अजून नांदतो, यापलीकडे शहराला त्याचे स्मरण फारसे उरलेले नाही.

हैदराबादच्या इतिहासाला कलाटणी देणाऱ्या या प्रसंगाचे एक टोक येथून हजारो मैल दूर, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटरवर असलेल्या एका चिमुकल्या बेटात गुंतलेले आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत टिपू सुलतानाचे वकील गुप्तपणे त्या बेटाच्या पोर्ट लुई बंदरात उतरले. त्यांनी आपले काम गुपचूप उरकावे अशी मालकाची आज्ञा असता तेथील फ्रेंच गव्हर्नर मालार्तिक याने त्यांचा जाहीर सत्कार केला आणि टिपूच्या मदतीसाठी स्वयंसेवक हवेत असा जाहीरनामा लावून सगळा बेत चव्हाट्यावर मांडला. त्या मुत्सद्देगिरीचे फळ म्हणून टिपूला मिळाले जेमतेम शंभर लोक. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याला मात्र युद्धाचे आयते निमित्त मिळाले, आणि टिपूवर चालून जाण्याआधी निजामाच्या दरबारातील फ्रेंचांचे उच्चाटन करणे त्याला अगत्याचे वाटू लागले. एका गव्हर्नराच्या वाचाळपणाने दोन राज्यांचे भवितव्य ठरले, असे म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होईल. परंतु वेलस्लीचे काम त्याने पुष्कळ सोपे केले, यात संशय नाही.

फ्रेंच ज्याला ‘इल द फ्रांस’ म्हणत, आज जे मॉरिशस म्हणून ओळखले जाते आणि ज्याच्या दाणेदार पांढऱ्या साखरेला आपल्या आजीपणजींच्या स्वयंपाकघरात ‘मोरस’ असे म्हणत, तेच हे बेट. लांबी सुमारे पासष्ट किलोमीटर, रुंदी पंचेचाळीसच्या आसपास. मकरवृत्ताच्या किंचित उत्तरेस, चक्रीवादळांच्या वाटेवर वसलेले. त्याचा मराठी माणसाशी संबंध पाहू गेल्यास तो मनुष्यजातीच्याही आधीपासूनचा निघतो, कारण भूशास्त्रज्ञांच्या मते पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त उद्रेकस्थानातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण उसळून वर आला, त्याच स्थानातून, मधल्या काळात भारतभूमी उत्तरेकडे सरकून गेल्यावर, हे बेट समुद्रातून डोके वर काढते झाले. सह्याद्रीचा कातळ आणि मोरसचा कातळ ही एकाच घराण्यातली थोरली-धाकटी भावंडे होत. आम्हा चिक्कडपल्लीकरांच्या पायाखाली मात्र ग्रॅनाइट आहे. दख्खनचा काळा दगड हैदराबादच्या पश्चिमेसच संपतो. रत्नागिरीचा कुणबी जेव्हा त्या परक्या मुलुखात पहिल्यांदा कुदळ मारता झाला, तेव्हा त्याच्या कुदळीला लागलेला दगड त्याच्या ओळखीचा होता, एवढे तरी म्हणता येते.

या बेटाला मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. अरब दर्यावर्दींना ते ठाऊक होते, पोर्तुगीज तेथून येत-जात, पण वस्ती कोणी केली नाही. १५९८ साली डच उतरले, त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिट्सचे नाव बेटाला दिले, आणि १६३८ पासून मध्ये एक खंड पाडून १७१० पर्यंत तेथे कसाबसा तळ ठोकला. या काळात त्यांनी एबनीची काळी मौल्यवान झाडे तोडून नेली, जावाहून ऊस आणि हरणे आणली, मादागास्करहून गुलाम आणले, आणि डोडो नावाच्या उडता न येणाऱ्या पक्ष्याचा निर्वंश होण्यास हातभार लावला. डच निघून गेल्यावर १७१५ साली फ्रेंचांनी बेटावर आपले निशाण लावले. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द लाबूर्दोने याने पोर्ट लुई हे खऱ्या अर्थाने बंदर केले. त्यासाठी त्याने पुदुच्चेरीकडून कारागीर आणविले, आणि बेटावरच्या हिंदी वस्तीचा आरंभ येथेच धरावा लागतो. याच लाबूर्दोनेने १७४६ मध्ये येथून आरमार नेऊन इंग्रजांचे मद्रास जिंकून घेतले होते. हैदराबादेत सलाबतजंगाला गादीवर बसविणारा बुसी आपल्या उतारवयात पुन्हा हिंदुस्थानात आला, तोही याच बेटावरून. हिंदुस्थानातील फ्रेंच राजकारणाची दारूकोठी म्हणून हे बेट इंग्रजांच्या डोळ्यांत पुष्कळ वर्षे सलत होते. १८१० च्या ऑगस्टमध्ये ग्रां पोर्टच्या खाडीत इंग्रजी आरमाराचा सपशेल पराभव झाला. परंतु नोव्हेंबरच्या अखेरीस हिंदुस्थानातील तिन्ही इलाख्यांतून जमविलेल्या फौजा उत्तर किनाऱ्यावर उतरल्या आणि ३ डिसेंबरला फ्रेंचांनी बेट स्वाधीन केले. तहात रहिवाशांचे कायदे, भाषा, धर्म आणि रीतिरिवाज कायम ठेवण्याचे वचन होते. राज्य इंग्रजांचे आणि जीवन फ्रेंच, अशी जी विलक्षण घडी तेव्हा बसली, तिच्यातले फ्रेंच वळण आजही पुष्कळसे तसेच आहे.

इंग्रजी अमलात मराठी माणसाच्या या बेटाशी पडलेल्या पहिल्या गाठीची हकीकत फारशी अभिमानाची नाही, आणि म्हणूनच की काय, ती कोणी सांगत नाही. १८१५ पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून जन्मठेपेचे कैदी रस्ते बांधण्यासाठी येथे पाठविले जाऊ लागले. काही वर्षांत त्यांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली. १८३६ साली जगप्रदक्षिणेवरून परतणारा तरुण डार्विन येथे थांबला असता या हिंदी कैद्यांची भारदस्त चेहरेपट्टी पाहून चकित झाला होता. ज्या सडकांवरून पुढे साखरेच्या गाड्या धावल्या, त्यांच्यापैकी कित्येकांखाली या लोकांच्या हातची खडी आहे.

१८२५ साली ब्रिटिश बाजारात मोरसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीची झाली, आणि बेटावर जिकडे तिकडे ऊसच ऊस झाला. त्यापाठोपाठ, १८३५ च्या फेब्रुवारीत, गुलामगिरी रद्द झाली. मालकांना सरकारी खजिन्यातून सुमारे वीस लाख पौंड नुकसानभरपाई मिळाली. गुलामांना, अर्थातच, काहीही मिळाले नाही. सुटलेला आफ्रिकन मनुष्य पुन्हा त्याच मळ्यात राबण्यास नाखूश असणार हे ताडून मळेवाल्यांची दृष्टी त्याआधीच हिंदुस्थानाकडे वळली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे गलबत कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. तेव्हापासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या धक्क्यावर उतरली. मध्यंतरी होणाऱ्या अत्याचारांचा बोभाटा झाल्यामुळे ही भरती काही वर्षे बंद होती. १८४२ च्या कायद्याने ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून पुन्हा सुरू झाली.

बिहार आणि तेलुगू-तमिळ मुलुखांतून गेलेल्यांच्या मानाने मुंबईहून गेलेले लोक थोडे, आणि तेही बहुतेक पहिल्या दोन-अडीच दशकांतले. रत्नागिरी, सावंतवाडी, कुलाबा आणि घाटावरचा सातारा या भागांतले ते होते. मराठा, कुणबी, महार अशा जातींचे. कोकणातला कष्टकरी मनुष्य तेव्हा कोणत्या कात्रीत सापडला होता, हे खोती दफ्तरे चाळणारास सांगावे लागत नाही. वरकस जमीन, अर्धेलीने भात खोताच्या खळ्यात, सावकाराचे खत दरवर्षी वाढते, आणि मराठेशाहीच्या अस्तानंतर तलवारीची चाकरीही गेलेली. मुंबईस जाऊन पलटणीत किंवा गोदीत पोट भरण्याची सवय त्याला लागलीच होती. तेथून पुढे समुद्रापलीकडे नेणारा मुकादम पाच रुपये दरमहा, वर रोजचा तांदूळ-डाळ आणि वर्षाला कापड असे तोंडपाठ म्हणून दाखवी, तेव्हा त्या मनुष्याने अंगठा उठविला यात नवल नाही. समुद्र ओलांडल्याने जात जाते म्हणून आकांत करणारे लोक गावात मागे राहिले होते, आणि त्यांच्यापैकी कोणी त्याचे खत फेडावयास पुढे आले नव्हते.

महिना-दीड महिन्याच्या प्रवासानंतर माणूस पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरे, सोळा दगडी पायऱ्या चढून कोठीत जाई, आणि तेथे त्याला एक आकडा मिळे. हा आकडा हीच त्याची पुढली ओळख. कारकून फ्रेंच वळणाचा. रोमन लिपीत, ऐकू येईल तसे, मजुराचे नाव आणि त्याच्या बापाचे नाव तो लिही. गावावरून पडलेली आडनावे त्या वहीत बहुधा उतरलीच नाहीत. बापाचे किंवा आज्याचे नाव हेच पुढे घराण्याचे आडनाव झाले, आणि आदराने जोडलेला ‘जी’ त्याला कायमचा चिकटला. आज मॉरिशसमध्ये ‘जी’ने संपणारे आडनाव भेटले तर त्या घराण्याचा मूळपुरुष मुंबईच्या बंदरातून गेला असावा, असा तर्क पुष्कळदा खरा ठरतो. एक गंमत अशी, की ज्या दफ्तराने त्याचे आडनाव हिरावून घेतले, त्याच दफ्तराने त्याचा गाव, परगणा, जात, वय, उंची आणि अंगावरची खूण मात्र काळजीपूर्वक जपून ठेवली.

मळ्यावरच्या जीवनाचे वर्णन करू गेल्यास लेखणी जड होते. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा रोज कापला जाई; करार संपलेल्या मनुष्यालाही १८६७ च्या कायद्याने छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे, आणि तो घरी विसरल्यास भटक्या म्हणून त्याची रवानगी कैदेत होई. उसाच्या शेतांतून आजही काळ्या दगडांचे उंच ढीग उभे दिसतात. प्रवासी त्यांना प्राचीन स्तूप समजून थबकतात, पण ती जमीन लागवडीस आणताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले दगड आहेत. १८५६ च्या आरंभी कलकत्त्याहून आलेल्या दोन गलबतांत पटकी झाल्याच्या संशयावरून सगळ्या उतारूंना बाजूच्या एका उजाड खडकावर, पुरेशा निवाऱ्याशिवाय, उतरवून ठेवण्यात आले, आणि त्यातले जवळजवळ तीनशे तेथेच मेले. त्यानंतर दहा वर्षांनी हिवताप आला व हजारोंना घेऊन गेला. पोर्ट लुईतले पैसेवाले तेव्हा उंचावरच्या थंड गावांत राहावयास गेले, आणि मजूर होते तेथेच राहिले.

या अंधारात एक माणूस स्मरणीय आहे. अडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या युरोपियन मळेवाल्याने १८७१ साली हिंदी मजुरांच्या गाऱ्हाण्यांचा अर्ज तयार केला आणि त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या-अंगठे घेतले. त्याचे जातभाई इतके खवळले की पोर्ट लुईच्या रस्त्यात त्याला मारहाण झाली. परंतु अर्ज विलायतेस पोहोचला आणि चौकशीसाठी दोन कमिशनर नेमले गेले. त्यांच्यातला फ्रिअर हा पूर्वी मुंबई इलाख्यातल्या मुलकी नोकरीतला, म्हणजे ज्या मुलुखातून हे मराठी लोक गेले तो मुलूख जाणणारा. १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने पोलिसी जुलमास पुष्कळ आळा बसला. पुढे साखरेचे भाव घसरले, मळेवाल्यांनी कडेकडेच्या जमिनी तुकडे पाडून विकावयास काढल्या, आणि पोटाला चिमटा घेऊन पैसा गाठीला बांधणाऱ्या मजुरांनी त्या घेतल्या. जो गडी होता तो शेतकरी झाला. १८६१ च्या गणतीत बेटाच्या सुमारे तीन लाख दहा हजार वस्तीपैकी एक लाख ब्याण्णव हजार लोक हिंदी होते. आता त्यांना पायाखाली स्वतःची भुईही मिळू लागली.

मराठी मंडळी बेटाच्या पश्चिमेस, ब्लॅक रिव्हर या भागातील कास्कावेलसारख्या गावांत, तसेच वाक्वा आणि काट्र बोर्न यांच्या आसपास स्थिरावली. सभोवार भोजपुरी बोलणाऱ्यांचा समुद्र, बाजारात क्रिओल, कचेरीत इंग्रजी, प्रतिष्ठेच्या जागी फ्रेंच. अशा ठिकाणी मूठभर कोकणी शेतकऱ्यांची बोली तीन पिढ्या टिकावी कशी? ती टिकली नाहीच म्हणावयाचे. घरात क्रिओल आली. पण बोलीपाठोपाठ जे सर्व जावयाचे ते गेले नाही. भाद्रपदात मातीचा गणपती घरी आणावा, मोदक करावे, आरती म्हणावी, आणि नदीत किंवा समुद्रात त्याचे विसर्जन करावे, हा परिपाठ सुटला नाही. जाखडीची फेर धरून होणारी गाणी राहिली, गोंधळ राहिला, सणाची पुरणपोळी राहिली. शब्दांचे अर्थ पुसट झालेले, उच्चारांना फ्रेंच वळण लागलेले, तरी चाल जशीच्या तशी, असा हा वारसा आहे.

या गणेशोत्सवाचा काळ लक्षात घेतला पाहिजे. लोकमान्यांनी सार्वजनिक उत्सवाची हाक दिली ती गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८९३-९४ साली. आणि मुंबईहून मोरसला जाणारी बहुतेक माणसे त्याच्या दोन-तीन दशके आधीच गेलेली. तेव्हा त्यांनी बरोबर नेलेला गणपती हा मंडपातला नसून कोकणातल्या घराचा, माजघरातला आहे. त्यांची मराठीही ‘केसरी’पूर्वीची. पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी घडवलेल्या प्रमाणभाषेचा, शाळाखात्याच्या क्रमिक पुस्तकांचा, वर्तमानपत्रांच्या वादांचा स्पर्श न झालेली एक मराठी संस्कृती तेथे गलबतातून उतरली आणि तशीच गोठून राहिली. आपल्याकडील अभ्यासकांनी तिच्याकडे पाहावयाचे ते ‘परदेशस्थ बांधवांचे मायबोलीप्रेम’ अशा सभेतल्या भाषेत पाहिले. अव्वल इंग्रजीतल्या कोकणाचा जिवंत पुरावा म्हणून ते फारसे पाहिले गेले नाही. ही आमच्या इतिहाससंशोधनातली उणीवच म्हटली पाहिजे. सरदारांच्या कैफियती आणि पेशव्यांचे रोजकीर्द छापण्यात आपण पिढ्या घालविल्या. ज्याने अंगठा उठविला त्याची फर्द कोणी उघडावयाची?

हैदराबादच्या मराठी माणसाने तर हे अधिक आस्थेने पाहावे. १९०७ साली विवेकवर्धिनी निघाली, म्हणजे आमच्या पाठीशी शाळा होती, ग्रंथालय होते, आणि १९५६ पर्यंत मराठवाडा एकाच राज्यात शेजारी होता. एवढे असूनही चिक्कडपल्ली-काचीगुड्यातल्या तिसऱ्या पिढीची मुले आपसांत तेलुगू-हिंदीतच बोलतात. लिपी नाही, शिक्षक नाही, मायदेशाचे पत्र नाही, अशा स्थितीत मोरसच्या कुणब्याने काय गमावले याची मोजदाद करण्याआधी त्याने काय राखले ते पाहणे न्यायाचे होईल. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांची या बाबतीतली जागृती मात्र वाखाणण्यासारखी. १९७५ साली पहिली जागतिक तेलुगू परिषद हैदराबादेत भरली, आणि तिसरी, १९९० मध्ये, त्यांनी थेट मॉरिशसमध्येच भरविली.

विसाव्या शतकाची हकीकत थोडक्यात उरकता येते. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजींचे जहाज येथे थांबले. त्यांनी हिंदी लोकांना मुले शिकविण्याचा आणि राजकारणात लक्ष घालण्याचा उपदेश केला, आणि १९०७ मध्ये त्यांच्याच सूचनेवरून मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर मजुरांच्या बाजूने उभे राहावयास गेले. १२ मार्च १९६८ रोजी बेट स्वतंत्र झाले. त्याआधी आणि नंतर मराठी मंडळ्या संघटित झाल्या, त्यांचा महासंघ झाला, महाराष्ट्र भवन झाले; शाळांतून मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून आला आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्याचे उच्च अध्यापनही सुरू झाले. गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. २०२३ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्याची छायाचित्रे आपल्याकडच्या वृत्तपत्रांत आली. पोर्ट लुईची ती मजूरकोठी ‘आप्रवासी घाट’ या नावाने २००६ साली जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. सोळा पायऱ्या अद्याप शाबूत आहेत.

पुतळे आणि सुट्ट्या यांचे मोल आहेच. पण जे काम खरोखर व्हावयास हवे ते निराळे आहे. मजुरांच्या नोंदीच्या मूळ वह्या, आणि १८६० नंतरच्या दशकांतील पुष्कळांची छायाचित्रे, मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दफ्तरखान्यात सुरक्षित आहेत. त्यांत रत्नागिरी, सातारा, कुलाबा, सावंतवाडी येथील गावांची नावे आहेत. या बाजूला, त्याच गावांतल्या कित्येक घरांत, खापरपणज्याचा एक भाऊ ‘मोरसला गेला तो परत आला नाही’ एवढी ओळ वंशावळीत किंवा नुसती तोंडी उरलेली असते. ज्या वाचकाच्या घरी अशी ओळ असेल त्याने गावाचे नाव, बापाचे नाव आणि अजमासे साल एवढे लिहून त्या संस्थेकडे विचारणा करावी. मेळ बसला तर तिकडच्या एखाद्या ‘जी’ला त्याचे गाव मिळेल, आणि इकडच्या वंशावळीत तुटलेली फांदी पुन्हा जोडली जाईल.